आपल्या माणसांसमोर इंग्रजी

या पुस्तकाच्या वाचकाला इंग्रजी येतं. दहावीला त्याने इंग्रजीत पंचावन्न-साठ गुण मिळवलेले आहेत, ‘चेंज द व्हॉइस’चा प्रश्न कधी सोडलेला नाही. आज तो चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, किंवा ती साताऱ्याच्या बँकेत कर्जाच्या फायली पाहते, नाहीतर नाशिकच्या एखाद्या इस्पितळात सिस्टर आहे. ऑफिसचे मेल वाचता येतात, उत्तरंही जातात. चेन्नईहून फोन येतो आणि पलीकडचा माणूस इंग्रजीत सुरू होतो, तेव्हा मात्र ‘वन मिनिट सर’ म्हणून फोन शेजारच्याच्या हातात दिला जातो. बैठकीत जे बोलायचं मनात असतं ते दुसराच कोणीतरी बोलून मोकळा होतो, आणि बढतीच्या वेळी त्या बोलण्याचं श्रेयही त्यालाच मिळतं.

इंग्रजी बोलायला शिकवणारी बहुतेक पुस्तकं या माणसाला उचलून पुन्हा पाचवीच्या बाकावर बसवतात. नाम, सर्वनाम, बारा काळांचा तक्ता. हे सगळं त्याला कमी-अधिक ठाऊकच असतं. त्याचं इंग्रजी डोळ्यांत आहे, हातात आहे, जिभेवर कधी आलेलंच नाही. येणार तरी कुठून? सर धडा वाचायचे, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचे, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरायची आणि फळ्यावरून वहीत. पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झालं. वर्षं वाढली. पण संध्याकाळच्या वर्गाला माझ्याकडे येणारी जी मुलं या नव्या पद्धतीत शिकली, त्यांच्या तोंडून शाळेत असताना सलग पाच मिनिटं इंग्रजी निघालं असेल असं मला वाटत नाही. लिहायची परीक्षा होती, तिची तयारी झाली. त्यात शिक्षकांचा दोष काढणं सोपं आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं करायचं तर तास पुरतो कुठे?

तरीही सराव नाही एवढंच कारण असतं, तर प्रश्न कधीच सुटला असता. मोबाइलवर आता हवं तेवढं इंग्रजी फुकट ऐकायला मिळतं, बोलून दाखवा म्हणणारी ॲप आहेत. माणसं ती उतरवून घेतात आणि आठवडाभरात विसरतात. अडचण दुसरीकडे आहे, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्यासाठी लिहिलं आहे.

कुलाबा कॉजवेवरचा चपला-माळा विकणारा पोरगा पाहा. शाळा त्याने अर्ध्यावर सोडलेली असते. समोर जर्मन बाई उभी राहिली की तो थांबत नाही, चाचरत नाही, भाव सांगतो, घासाघीस करतो, विनोद करतो, ती निघाली की मागून हाक मारून पुन्हा बोलावतो. व्याकरण शोधून सापडणार नाही. वेरूळच्या लेण्यांबाहेरचे गाडीवाले तसेच. आणि याच पोराला एखाद्या लग्नात इंग्रजी माध्यमातल्या भाचीशी दोन वाक्यं इंग्रजीत बोल म्हणा, तो लाजून हसेल आणि जेवणाच्या पंगतीकडे वळेल. परक्याचं त्याला भय नाही. परक्याला फक्त माळ हवी असते. आपला माणूस मात्र आपण किती शिकलो, कुठल्या शाळेत शिकलो, आपल्या बापाची ऐपत काय होती, हे सगळं एका उच्चारात मोजतो, निदान मोजतो असं आपल्याला वाटतं. महाराष्ट्रात इंग्रजी बोलण्याची भीती ही बहुतेक वेळा मराठी कानांची भीती आहे.

हे आजचं नाही. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरी इंग्रजी शिकवायला घेतलं त्याची हकिकत त्यात आहे. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात भरलेल्या सभेत गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजी निवेदन वाचलं. विशीच्या आसपासची बाई, समोर इलाख्याचा प्रमुख. पण त्या आठवणींतला खरा जाच सभेतला नाही, घरातला आहे. इंग्रजी शिकण्यावरून घरातल्या बायकांनी मारलेले टोमणे, धरलेला अबोला, हे वाचताना अंगावर येतं. गव्हर्नर परवडला, माजघर नको, अशी ती गत होती. गौरी शिंदे यांच्या २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या शशी गोडबोलेचीही तीच. पुण्यात घरबसल्या लाडू करून विकणारी ही बाई पोटच्या मुलीच्या थट्टेने खचते आणि न्यूयॉर्कमध्ये अनोळखी माणसांच्या वर्गात मोकळी होते. चार आठवड्यांत ती जेवढं शिकते ते सिनेमातच शक्य आहे, ते सोडून देऊ. पण अनोळखी माणसं भेटल्यावर तिची जीभ सुटते, हे दिग्दर्शिकेने अचूक हेरलं.

यातली गंमत पाहा. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतभरात जेमतेम २ लाख ६० हजार निघाले. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे ८ कोटींहून अधिक, तिसरी भाषा म्हणून सांगणारे आणखी साडेचार कोटींच्या वर. म्हणजे या देशात जिथे जिथे दोन माणसं इंग्रजीत बोलत असतात, तिथे जवळजवळ नेहमीच दोघांचीही ती घरची भाषा नसते. चेन्नईच्या त्या फोनवाल्याने घरून निघताना आईशी तमिळमध्ये भांडण केलेलं असतं. त्याच्या वाक्यातही ‘द’ गळतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, कारण आपण आपल्याच चुका मोजण्यात गुंतलेले असतो.

म्हणून वर्गात मी एक नियम केला आहे आणि तो या पुस्तकातही आहे: सरावाचा जोडीदार घरातला नसावा. नवरा-बायकोची जोडी आठवडाभर टिकत नाही, बाप-मुलाची तेवढीही नाही. ऑफिसातला बरोबरीचा सहकारीही टाळावा. दुसऱ्या गावचा, दुसऱ्या धंद्यातला, आपल्याइतपतच येणारा आणि आपल्याइतकाच गरजू माणूस सर्वांत बरा. माझ्याकडे वाहनांचे सुटे भाग विकणारा एक गृहस्थ आणि अंगणवाडी सेविका अशी जोडी फार छान जमली होती. एकमेकांच्या कामातलं दोघांनाही काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रश्न खरे विचारले जात आणि उत्तरंही खरी द्यावी लागत.

लोक मला विचारतात, आधी आत्मविश्वास यायला हवा ना? माझं उलट मत आहे. आधी आत्मविश्वास मिळवून मग बोलायला लागलेला माणूस मी पाहिलेला नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत टाळ्या वाजवून जो आत्मविश्वास देतात तो सभागृहाच्या दाराशीच संपतो. आधी तोंडाला वेग यावा लागतो. त्या वेगाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यामध्ये सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करून संशोधकांनी हे मोजलं आहे. उलट, एखादं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं तर मातृभाषेतही तो एक शब्द उच्चारायला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो. याचा हिशेब एकच निघतो: समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. मराठीत हे कळतही नाही. इंग्रजीत आपण समोरच्याचं वाक्य मराठीत आणतो, उत्तर मराठीत तयार करतो, ते इंग्रजीत नेतो, व्याकरण तपासतो आणि मग तोंड उघडतो. तोवर विषय बदललेला असतो.

त्यात मराठी वाक्याची चाल आडवी येते. ‘उद्या सकाळी आमच्या साहेबांना हा रिपोर्ट मेलवर पाठवायचा आहे’ या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी आहे. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून सुरुवातीलाच हवं: ‘आय हॅव टु सेंड’. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याला मराठी वाक्याच्या टोकापर्यंत जाऊन क्रियापद आणावं लागतं आणि उलटं फिरावं लागतं. तेवढ्यात साहेब, मेल आणि सकाळ वाटेत सांडतात. मग तो ‘टुमारो मॉर्निंग... अवर सर... धिस रिपोर्ट...’ असं म्हणून अडतो आणि इंग्रजी कच्चं आहे असा निष्कर्ष काढतो. यातला एकही शब्द त्याला अवघड नव्हता.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या पिढ्यान् पिढ्या घडवल्या, त्याबद्दल आदर आहेच. वाचायला-लिहायला तो रस्ता उत्तम. पण बोलण्याच्या वेगाला भाषांतर पुरत नाही. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या दोन अभ्यासकांनी १९८३ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं एवढ्या झरझर बोलतात तरी कशी? त्यांचं उत्तर असं की ती प्रत्येक वाक्य नव्याने रचतच नाहीत. हजारो तयार तुकडे त्यांच्याजवळ असतात आणि ते एकापुढे एक ठेवत ती बोलतात. आपण मराठीत तेच करतो. ‘त्याचं काय झालं’, ‘खरं सांगायचं तर’, ‘माझं म्हणणं एवढंच आहे की’, यांतला शब्द न् शब्द आपण कधी जुळवतो का? तो तुकडा बाहेर पडत असताना पुढचं सुचायला उसंत मिळते. इंग्रजीतले असे तुकडे, ‘द थिंग इज’, ‘आय वॉज जस्ट अबाउट टु’, ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टु यू’, पाठ करायचे ते वाक्यं म्हणून नाही, एकेक शब्द असल्यासारखे. पहिल्या भागात ते दिले आहेत. शब्दसंग्रह वाढवण्याच्या मागे मात्र लागू नये. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालात, ढाक्याला बरीच वर्षं होते. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अत्यंत नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या बोलण्याचा फार मोठा भाग तेवढ्यात निभावतो. दहावी झालेल्या कोणालाही त्यातले बहुतेक शब्द वाचून कळतात, आणि मराठी बोलताना तो त्यांतले शेकड्यांनी वापरतही असतो.

आता कुलाब्याच्या पोराकडे परत जाऊ. त्याचा वेग कुठून आला? तेच संभाषण तो दिवसातून चाळीसदा करतो, दर वेळी नव्या माणसाशी. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात याच गोष्टीला ४-३-२ म्हणतात. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांच्या १९८९ च्या लेखनामुळे ही रीत सर्वत्र माहीत झाली. एकच विषय घ्यायचा, म्हणजे आज कामावर काय बिघडलं. एकाला तो चार मिनिटांत सांगायचा. तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत. तोच तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने काय सांगायचं याचा विचार उरत नाही, सगळं लक्ष सांगण्यावर जातं. श्रोता नवा असल्याने कंटाळाही येत नाही. दुसऱ्या फेरीत अडखळणं कमी होतं, तिसऱ्या फेरीत माणूस स्वतःच चकित होतो. माझ्या वर्गात तेवढा एकच चमत्कार घडतो आणि तो दर बॅचला घडतो. तीन श्रोते न मिळाले तर फोनवर करावं. तेही नाही तर मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करावं, मात्र पहिला महिना ते रेकॉर्डिंग ऐकू नये. आपल्याला न आवडणारा आवाज ऐकून सराव सोडणारे पुष्कळ.

विषय खरा असावा यावर माझा हट्ट आहे. प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, हिशेबाची कोडी दिली आणि ती इंग्रजीत सोडवायला सांगितली. मन अर्थाच्या मागे असताना भाषेचे नियम आपोआप रुजतात, हा त्यांचा विचार. तिसऱ्या भागात मी बिनदिक्कत तीच वाट धरली आहे: लोकलचं वेळापत्रक, विजेचं बिल, घराच्या भाडेकराराच्या अटी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. ‘माय फेव्हरिट हॉबी’वर मात्र कोणाला बोलायला लावलेलं नाही. तिशीच्या माणसाला छंद विचारला की तो खोटं बोलतो.

वर्गातल्या एका अनुभवाने मला पुस्तकाचा आराखडाच बदलायला लावला. मूग गिळून बसलेल्यांना मी सुचवलं, बरं, हीच हकिकत मराठीत सांगा. निम्मे लोक मराठीतही दीड मिनिटात संपले. सुरुवात कुठे करायची, कोणता तपशील ठेवायचा, ऐकणाऱ्याकडे बघायचं की पंख्याकडे, हे त्यांना कोणत्याच भाषेत कोणी शिकवलेलं नव्हतं. शाळेत आपल्याला मराठीतही बोलू दिलं नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हाच आपल्या भाषाशिक्षणाचा पाया. यावरून पंडिता रमाबाईंची गोष्ट मला नव्याने कळली. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. तिचा इंग्रजी अनुवाद करावा लागला. त्या वेळी त्या २४ वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही, १८८६ मध्ये अमेरिकेला पोहोचल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं, आणि गावोगाव इंग्रजीत व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. प्रतिभा तर होतीच. पण लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडताना देवळांतून पुराणं सांगणाऱ्या घरातली ती मुलगी होती. समोरचा समुदाय कसा धरून ठेवायचा हे ती संस्कृतात आणि देशी भाषांत केव्हाच शिकलेली होती. इंग्रजीत तिला फक्त इंग्रजी शिकायचं होतं. बोलणं आधीपासून येत होतं. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक सरावाची पहिली फेरी मराठीत आहे. इंग्रजीच्या पुस्तकात मराठी कशाला, असं विचारणारे विचारोत. मनातल्या मनात केलेलं भाषांतर वेगळं आणि गोष्ट आधी नीट सांगून पाहणं वेगळं.

उच्चारांबद्दल. मराठी माणसाने इथे उगाच न्यूनगंड बाळगू नये. ‘बॅट’मधला ॲ आणि ‘बॉल’मधला ऑ आपल्याला सहज जमतात, लिपीतही आपण त्यांना चिन्हं दिली. ‘स्कूल’च्या आधी आपल्याला ‘इ’ लावावा लागत नाही. आपला ट आणि ड टाळूला जरा जास्त लागतो, लागू दे. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ च्या अभ्यासात दाखवून दिलं की परका लहेजा जड असणं आणि बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहेजा जड असूनही पुष्कळांचं बोलणं पूर्ण कळतं. आपलं बोलणं कळेनासं होतं ते बहुधा आघातामुळे. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर सगळा भार पडतो आणि बाकीची चिरडली जातात. आपण ‘हॉटेल’ म्हणतो. इंग्रजीत भार ‘टेल’वर आहे. ‘कमिटी’त तो ‘मि’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अक्षरावर असलेला भार ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘फो’ नुसता ‘फ’ होऊन बसतो. ‘कम्फर्टेबल’ आपण चारही अक्षरं नीट उच्चारून म्हणतो. इंग्रज ते तिनात उरकतो. ऐकताना होणारी आपली फसगतही यातूनच येते, कारण त्यांनी गिळलेली अक्षरं आपण शोधत राहतो. उपाय म्हणून एखाद्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावून बोलणाऱ्याच्या अर्ध्या पावलाने मागे, त्याच्याच ठेक्यात बोलत जायचं. अर्थाकडे लक्ष नको, ठेक्याकडे हवं. रोज दहा मिनिटं पुरे. एसटीत मात्र करू नये, शेजारचा जागा बदलतो.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांवर प्रकरण नाही; ते चुकल्याने बोलणं कुठे अडत नाही, वाचन वाढलं की बरंच सुधारतं. म्हणी आणि वाक्प्रचार नाहीत. ‘आय ॲम कमिंग टुडे ओन्ली’ यातला आपला लाडका ‘च’ भारतात सर्वत्र समजतो, तो काढायला सांगितलेलं नाही; लंडनच्या ग्राहकाशी बोलताना काय म्हणायचं ते तुकड्यांच्या यादीत आहे. व्याकरण पाहायची हुक्की आलीच तर घरात ‘रेन अँड मार्टिन’ असेलच. त्यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीतल्या साहसांची तुफान खपलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. त्या माणसाने आपल्याला कादंबरीऐवजी कर्मणी प्रयोग वाचायला लावला, याची मला अजून चुटपुट आहे. घरबसल्या इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या ‘रॅपिडेक्स’ या पुस्तकाबद्दलही कोणी नाक मुरडू नये. कपिल देवचं चित्र पाहून ते घेणाऱ्या लाखो माणसांना निदान एवढं कळलं की भारताचा कर्णधारही याच वाटेने गेला.

किती दिवसांत येईल? क्लासच्या पाट्यांवर नव्वद दिवसांत फाडफाड असं लिहिलेलं असतं. फाडफाडचं वचन मी देत नाही. रोज वीस मिनिटं, जोडीदारासह, न चुकवता केली तर तीन-चार महिन्यांत आपल्या कामाच्या विषयावर न अडखळता बोलता येऊ लागतं. बाकीच्या विषयांवर त्यानंतर, एकेक करून. लग्नातल्या भाचीशी बोलायची वेळ सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळांना तोवर तिची गरजही वाटेनाशी होते.

पुस्तक सलग वाचायचं नाही. एक सराव एक आठवडा. पेन्सिल लागणार नाही, मोबाइलचं घड्याळ लागेल. पहिल्याच सरावाला तीन श्रोते हवेत, तेव्हा आधी ते गाठावेत, त्यांच्याशी वेळ ठरवावी आणि मग पान उलटावं.